आत्याबाईंचा विलायती झारा

आमच्या आत्याबाईंना पळताना कोणी कधी पाहिलं नव्हतं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याबाई आणि सासऱ्यांना मामाजी म्हणायची रीत. आत्याबाई अंगानं भारदस्त होत्या आणि उजवा गुडघा कायमचा धरलेला. विहिरीवर जायचं तरी भिंतीला हात लावत, सावकाश. अशा बाईनं अकोल्याच्या दुकानात उभं राहून स्वतःसाठी रॅकेट निवडली, हे मी सांगते तेव्हा माझ्या सुना एकमेकींकडं बघून हसतात. हसू देत. मी तिथं होते.

लग्न होऊन मी दर्यापूरजवळच्या आमच्या गावात आले, तेव्हा कापसाची भरभराट होती. विलायतेच्याही पलीकडं कुठं तरी लढाई जुंपली होती, तिथला कापूस यायचा थांबला होता, आणि म्हणून साऱ्यांना आमच्या काळ्या रानातला कापूस हवा होता, असं मामाजी सांगत. गाड्या भरून ते अमरावतीला जात, ते कित्येक दिवस तिकडंच असत. येताना काहीबाही घेऊन येत. एकदा आरसा आणला, एकदा चिनी मातीच्या बरण्या. एका वर्षी कापूस घेणाऱ्या कोण्या साहेबाची मडम मायदेशी निघाली आणि बंगल्यातलं सामान विकायला निघालं. मामाजींनी त्यातला एक दिवा घेतला. दिव्याबरोबर लांब दांड्याच्या, जाळी विणलेल्या दोन वस्तू आल्या आणि बुचात पिसं खोचलेल्या फुलांची एक पेटी.

आत्याबाईंनी त्यातली एक वस्तू उचलून उलटसुलट पाहिली. "हे काय वं? झारा व्हय का बुंदी पाडाचा?"

"तुया सासूले सांग, खेळाचं हाय," मामाजी माझ्याकडं बघत म्हणाले. "साहेब न् मडम दिवस कलला का खेळत. मी पायलं."

दोघांचं बोलणं हे असं माझ्यामार्फत चाले. चारचौघांत नवरा-बायकोनं थेट बोलायचं नाही, असा तेव्हाचा दंडक. मी निरोप सांगायला तोंड उघडायच्या आत तो समोरच्याला ऐकू गेलेला असायचा, तरी मी सांगायचं आणि त्यांनी मान हलवायची.

त्या दिवसापासून आमच्या घरात रॅकेटला झारा हेच नाव पडलं. बॅडमिंटन हा शब्द तर मी फार पुढं ऐकला.

आधी बापलेक खेळले. गोठ्यामागं मोकळी जागा होती, तिथं. मामाजींचा हात वखर धरून घडलेला. फूल दिसलं की ते असं हाणत की ते थेट कुंपणापलीकडच्या तुरीत जाई. माझे यजमान ते शोधून आणत. दोन-चार दिवसांत ते कंटाळले आणि झारे ओसरीतल्या खुंटीवर जाऊन लटकले.

पुढं एका दुपारी, पुरुषमाणसं शेतात गेलेली असताना, आत्याबाई म्हणाल्या, "काढ वं ते झारे. पाहू तरी कसं लागते."

आम्ही गोठ्यामागं गेलो. आत्याबाई विहिरीच्या कट्ट्याला पाठ लावून उभ्या राहिल्या. मला वाटलं, एखादं फूल टोलवतील आणि बसतील. पण त्या काही केल्या जागच्या हलत नव्हत्या आणि फूल काही केल्या खाली पडत नव्हतं. मी कुठूनही मारलं तरी त्यांचा हात आधीच तिथं गेलेला असायचा. जोर नाही, आवाज नाही. हळूच उचलून माझ्या डोक्यावरून मागं टाकायच्या. मी लुगडं सावरत धावत होते, ठेचकाळत होते, आणि त्या गालातल्या गालात हसत होत्या.

"मले पळवून राहिल्या न् तुमी मात्र उभ्याच!" मी धापा टाकत म्हणाले.

"मंग? माह्या गुडघ्यानं पळू का मी? फुलाले पाय नाई, पिसं हायेत. त्यालेच येऊ दे माह्यापाशी."

असे आम्ही बरेच दिवस लपूनछपून खेळलो. मग एकदा मामाजी अवेळी घरी आले. त्यांना पाहताच मी झारा टाकला, डोक्यावर पदर ओढला आणि सैपाकघरात पळाले. आत्याबाईंना पळता येत नव्हतं. त्या तशाच उभ्या राहिल्या, झारा हातात.

दाराच्या फटीतून मी पाहत होते. मामाजींनी फेटा काढून कट्ट्यावर ठेवला, माझा झारा उचलला, त्यावरची माती धोतराला पुसली आणि फूल मारलं. आत्याबाईंनी ते परत दिलं. त्यांनी जोरात हाणलं, ते तुरीत गेलं. स्वतः जाऊन घेऊन आले. पुन्हा मारलं. ह्या खेपेला आत्याबाईंनी ते त्यांच्या पायाशी अलगद टाकलं. मामाजी वाकले, पण पोचले नाहीत.

"असं असते का कुठं!" ते ओरडले.

"काहून नसते? तुमी तुरीत टाकता ते चालते?"

मी तोंडावर पदर दाबला. त्या घरात येऊन मला दुसरं वर्ष लागलं होतं आणि त्या दोघांना एकमेकांशी बोलताना मी पहिल्यांदा ऐकत होते. नंतर तर खेळताना त्यांची जीभ सुटायचीच. भांडायचे, एकमेकांना चिडवायचे, आणि खेळ संपला की ओसरीवर येऊन मामाजी मला म्हणायचे, "तुया सासूले सांग, पाणी दे म्हणा."

पण दोन्ही झारे पडले साहेबाच्या हाताचे, जड. आत्याबाईंचं मनगट सुजलं. मी आंबेहळद उगाळून लावायची, चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा खेळल्या की पुन्हा सूज. मामाजींनी माझ्यामार्फत सांगितलं की आता खेळ पुरे. आत्याबाईंनी माझ्यामार्फत उत्तर दिलं की खेळ पुरे नाही, झारा बदलायचा आहे.

तेवढ्यात अकोल्याला त्यांच्या भाच्याचं लग्न निघालं. आगगाडी नुकती अकोल्यापर्यंत आली होती आणि तिच्यामुळं मुंबईचा माल तिथल्या दुकानांत येऊ लागला होता. लग्न आटोपल्यावर आत्याबाई मला घेऊन बाजारात निघाल्या. मामाजी आमच्या पुढं बरंच अंतर ठेवून चालत होते, जणू त्यांचं दुसरंच काही काम होतं. विलायती मालाचं दुकान आलं तसे ते बाहेरच्या ओट्यावर बसले आणि रस्त्याकडं बघू लागले.

दुकानदार हसतमुख माणूस होता. "बच्च्यांसाठी पाहिजे का, बाई?"

"नाई. मले पाहिजे."

त्यानं आतून होत्या तेवढ्या रॅकेट काढून आणल्या. एक कातडं मढवलेली होती, डफासारखी. आत्याबाईंनी तिच्यावर टिचकी मारली. "हे तं वाजते. घरादाराले समजन आमी खेळून राहिलो म्हणून." ती बाजूला गेली. दुसरी चकचकीत, रंगवलेल्या दांड्याची, तोंडानं मोठी आणि वजनदार. दुकानदार तिचंच कौतुक करत होता आणि खरं सांगायचं तर मलाही तीच आवडली होती. तिसरीचा दांडा बारीक आणि लांब, तोंड लहान, रंग उडाल्यासारखा. ती मागं पडली होती.

"इथं जागा हाय का जराशी?" आत्याबाईंनी विचारलं.

दुकानामागं फरसबंद चौक होता. आत्याबाई तिथल्या खांबाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "टाक. घरी टाकतं तशीच टाक, उगा माह्यावर दया करू नोको." मी दुकानातलं फूल आधी समोर टाकलं, मग डावीकडं, मग उंच. मोठ्या रॅकेटनं त्यांनी पहिली फुलं छान मारली. मग डावीकडचं एक सुटलं. तिचं वजन हातात तोलून पाहत म्हणाल्या, "मारते चांगली. पण हात उचलेपर्यंत फूल निघून जाते." बारीक दांड्याची घेतली आणि डावीकडचं, उंचावरचं, सारं यायला लागलं. पायाचं बोटसुद्धा हललं नाही.

एवढ्यात मामाजी चौकात आले. ओट्यावर बसून त्यांना राहवलं नसावं. मोठी रॅकेट उचलून माझ्याकडं वळले. "तुया सासूले सांग, हे घे म्हणा. यात जोर हाय. ते दुसरं म्हणजे काडी हाय काडी."

मी सांगायच्या आत आत्याबाई सरळ त्यांना म्हणाल्या, दुकानदाराच्या देखत, "जोर तुमाले लागते. मी काय हाणून राहिली का कोनाले? मले हात येळेवर पोचाले पाहिजे."

दुकानदारानं छताकडं पाहिलं. मामाजींचा चेहरा लाल झाला. पण ते हटले नाहीत. बारक्या रॅकेटच्या जाळीवर बोट फिरवून त्यांनी दुकानदाराला विचारलं, "हे कायचं हाय?"

"तात आहे, पाटील. आतड्याची."

"घ्या! आतड्याची!" मामाजींना मुद्दा सापडला. "घरात कुठं ठेवशीन? देवघराच्या भिंतीले?"

आत्याबाई जराही गडबडल्या नाहीत. "पिंजाऱ्याच्या धनुकलीले कायची तात असते? त्याच तातीनं पिंजलेल्या कापसाच्या गादीवर झोपता ना तुमी? घरचे झारे कायचे विणले हायेत, ते इचारलं होतं का साहेबाले?"

मामाजींनी मोठी रॅकेट खाली ठेवली. दुकानदाराला एवढंच म्हणाले, "ती बारकी बांधून द्या." आणि परतीच्या वाटेवर बैलगाडीत ते पुडकं स्वतःच्या मांडीवर घेऊन बसले, धक्के लागू नयेत म्हणून.

नव्या रॅकेटनं आत्याबाईंच्या मनगटाची सूज उतरली आणि मामाजींचं हरणं वाढलं. सुरुवातीला ते फुगून बसत. जेवताना मान वर करत नसत. पण दुसऱ्या दिवशी दिवस कलला की तेच आधी गोठ्यामागं जाऊन खाकरत.

पुढं ती लढाई संपली, कापसाचा भाव उतरला, अमरावतीच्या खेपा कमी झाल्या. गावात लोकांचे चेहरे पडले होते. आमच्याही घरात हात आखडला, पण मामाजी आता घरी जास्त असत आणि आत्याबाईंना त्याचं वाईट वाटताना मी काही पाहिलं नाही. एका पावसाळ्यात उंदरांनी जाळी कुरतडली, तेव्हा मामाजी स्वतः पिंजाऱ्याकडं गेले आणि तात घेऊन आले. विणायला दोघं बसले. आत्याबाईंना विणणं जमेना, मामाजींना ताणणं जमेना. जाळी शेवटी वाकडीच झाली, तरी ती चालली.

काही वर्षांनी गुडघा अगदीच गेला. आत्याबाईंना उभं राहवेना. मामाजींनी गोठ्यामागं बाज टाकली, तिच्यावर त्यांना बसवलं आणि समोर उभे राहिले. आयुष्यभर फुलं तुरीत घालवणारा तो माणूस आता फूल असं टाकत होता की ते नेमकं बाजेवर उतरावं. मी धाकट्याला कडेवर घेऊन दारात उभी होते. आत्याबाईंनी तीन-चार फुलं परत दिली आणि रॅकेट मांडीवर ठेवून दिली.

"हे काय लावलं? मी काय लेकरू हाय? नीट मारा."

"लागन तुले."

"लागू द्या. मारा म्हणते ना!"

मामाजींनी मारलं, पूर्वीसारखं. आत्याबाईंचा हात वर गेला, फूल जाळीच्या कडेला लागून उडालं आणि दावणीच्या बैलाच्या पाठीवर जाऊन पडलं. बैलानं कातडी थरथरवली. ते पाहून आत्याबाई इतक्या हसल्या की बाज करकरली, आणि मामाजी डोळे पुसत फूल आणायला गेले.