येशूचं प्रकरण आणि आमचे काका

जगात कुणीही मेलं तरी ते खरोखरच मेलं आहे हे पहिल्या फटक्यात मान्य न करणारा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थला मी शिकत होतो तेव्हा तोच माझा घरमालक होता. आम्ही विद्यार्थी त्यांना काका म्हणायचो. काकांची सगळी नोकरी सोलापूरकडे एका विमा कंपनीत मृत्यूचे दावे तपासण्यात गेली होती. विमा उतरवलेला माणूस वारला असा अर्ज आला की काका एसटीनं त्याच्या गावी जाणार आणि तो खरंच वारला की नुसता कागदावर वारला, हे बघून येणार. एका गावात ते मयताच्या ओसरीवर बसले असताना ज्यानं आतून पाण्याचा तांब्या आणून दिला, तो मयतच निघाला. "मेलेल्या माणसाच्या हातचं पाणी प्यायलोय मी," असं काका सांगायचे आणि थोडं थांबून म्हणायचे, "गार होतं."

त्यांना इथे आणलं त्यांच्या मुलीनं. ती इथल्या इस्पितळात डॉक्टर होती. पुढे तिला मेलबर्नला चांगली जागा मिळाली आणि ती गेली, पण काका हलले नाहीत. एका म्हाताऱ्याला किती वेळा मुळापासून उपटायचं याला काही मर्यादा असावी, असं त्यांचं म्हणणं. मग घरात सोबत हवी म्हणून मागची खोली मला मिळाली. रोज सकाळी पायमोज्यांवर जॅन्डल्स, म्हणजे इथल्या रबरी सपाता, आणि गळ्याला मफलर अशा वेशात ते खिडकीशी बसून स्थानिक वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता वाचायचे. इतर लोक त्या हळहळत वाचतात, काका भुवया चढवून वाचायचे. 'कुटुंबीयांच्या सहवासात शांतपणे निधन' असं छापलेलं दिसलं की ते मला हाक मारत. शांतपणे गेले हे यांना सांगितलं कुणी, गेलेल्यानं? माझ्या वर्गातल्या एका पुणेरी मित्रानं आजी वारल्याचं सांगून विद्यापीठाकडून निबंधाला मुदत वाढवून घेतली होती. तो आमच्याकडे चहाला आला आणि बोलता बोलता ते सांगून बसला. काकांनी फक्त एवढंच विचारलं की कोणत्या बाजूची आजी, दुखणं काय होतं आणि खांदा कुणी दिला. मित्रानं चहा अर्धा टाकला आणि संध्याकाळपर्यंत निबंध पुरा केला.

अशा माणसाच्या हाती येशूचं प्रकरण लागलं, ते दारावर आलेल्या दोन गोऱ्या पोरांमुळे. पांढरे शर्ट, टाय, सायकली आणि चेहऱ्यावर धुतलेलं हसू. येशू आपल्यासाठी मेला आणि पुन्हा उठला, हे सांगायला ती आली होती. काकांनी त्यांना आत घेतलं, पोहे दिले आणि चौकशी सुरू केली. मृत्यू तपासला कुणी? शिपायांनी. ते शिपाई वैद्यकीय कामाला पात्र होते का? ओळख कुणी पटवली? प्रेत इतक्या घाईनं एका श्रीमंत ओळखीच्याच माणसाच्या ताब्यात का दिलं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, फायदा कुणाचा झाला? पोरं पोहे छान आहेत म्हणाली. पुढच्या आठवड्यात ती आमच्या गल्लीत दिसली तेव्हा पलीकडच्या फुटपाथवरून, मान खाली घालून, जोरात पायडल मारत जात होती. वारा उलटा होता तरी.

लोकांना वाटायचं की काका पुनरुत्थान नाकारतात. तसं मुळीच नव्हतं. पुनरुत्थानाबद्दल त्यांची काहीच तक्रार नव्हती. त्यांच्या विभागात माणसं सर्रास परत येत असत, कुणी सुरतेहून, कुणी मेहुण्याच्या मळ्यातून. त्यांचा आक्षेप होता मृत्यूला. आधी मेल्याचं शाबीत करा, उठल्याचं मी लगेच मान्य करतो, असं ते म्हणायचे. शिष्यांमध्ये त्यांना एकच आवडायचा, जखमेत बोट घालून बघितल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणारा. "तेवढा एक आमच्या खात्यातला," असं ते अभिमानानं सांगत.

पण टायवाली पोरं म्हणजे किरकोळ. खरा सामना होता कुंपणापलीकडे. शेजारच्या घरात अहमदनगरकडच्या एक मराठी ख्रिस्ती बाई राहायच्या. जन्मभर नर्स म्हणून काम केलेल्या, नवरा गेलेला, मुलगा ऑकलंडजवळ मनुरेवा या उपनगरात. त्यांना सगळे सिस्टर म्हणायचे आणि त्या काकांना साहेब म्हणायच्या, जरा लांबवून, चिमटा काढल्यासारखं. रविवारी चर्चमधून आल्या की त्या कुंपणावरून स्टीलचा डबा द्यायच्या. कधी आमटी, कधी मटणाचा रस्सा, कधी शेंगदाण्याची चटणी. डबा काकांचा असेल तर भरून परत यायचा आणि सिस्टरांचा असेल तर काकाही तो रिकामा देत नसत. स्वयंपाक येत नसल्यामुळे ते त्यात दोन सफरचंदं किंवा मूठभर साखर घालायचे. डबा पोचला की वाद सुरू.

पंच म्हणून मला बसवलेलं असायचं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. वडिलांची पिठाची गिरणी. शिकलेल्या माणसाला उत्तरं ठाऊक असतात अशी आमच्याकडे सगळ्यांची समजूत होती आणि तोवर माझीही होती. त्यामुळे दोघं माझ्याकडे वळून, "तू शिकलेला आहेस, तू सांग," असं म्हणाले की मला घाम फुटायचा. मी ग्रंथालयातून पुस्तकं आणून वाचली. एक पुस्तक म्हणायचं वधस्तंभाबद्दल शंका नको, बाकीचं श्रद्धेचं. दुसरं म्हणायचं बाकीचंही खरं. तिसरं दोघांनाही हसायचं. विद्यापीठात मला नुकतंच शिकवलं होतं की निबंधात दोन्ही बाजू मांडाव्यात, नाहीतर मार्क कापतात. मी दोन्ही बाजू मांडल्या. काकांनी रस्सा माझ्यापासून लांब सरकवला.

सिस्टर मात्र ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. मृत्यू शाबीत नाही असं काका म्हणाले की त्या शांतपणे म्हणायच्या, "साहेब, तुम्ही मेलेली माणसं कागदावर बघितलीत, मी खाटेवर बघितलीत. माणूस गेला की कळतं." शुक्रवार संध्याकाळ ते रविवार पहाट याला तीन दिवस म्हणणारा अर्ज आपण दारातूनच परत पाठवला असता, असं काकांनी म्हटलं, तेव्हा सिस्टरनी विचारलं की तुमच्यात तिसऱ्या दिवशी सावडायला जाता ते कसं मोजता? माणूस गेला तो दिवस धरूनच ना? काकांनी बोटांवर मोजलं आणि तो मुद्दा सोडून दिला. पण सिस्टरांचा हुकमी मुद्दा वेगळाच होता. रिकाम्या कबरीत डोक्याचं कापड नीट गुंडाळून बाजूला ठेवलेलं सापडलं. प्रेत पळवणारा चोर घडी घालत बसेल का?

यावर काकांनी आठवडाभर डोकं शिणवलं. निधनवार्तांवरही त्यांचं लक्ष लागेना. पुढच्या रविवारी ते तयार होऊन आले. पहाटे तिथे बायका गेल्या होत्या ना? मग त्यांनीच घातली असेल. बाई दुःखात असो की घाईत, समोर चुरगळलेलं कापड दिसलं की हात थांबत नाहीत. सिस्टर इतक्या हसल्या की त्यांना कुंपणाचा आधार घ्यावा लागला. काका हरले की जिंकले हे मला आजही सांगता येणार नाही, पण ते दिवसभर खुशीत होते.

गुड फ्रायडेला सुपरमार्केट बंद असायचं. ज्या घटनेचा पंचनामा झालेला नाही तिच्यापायी आपल्याला बिनदुधाचा चहा प्यावा लागतो, हे काका दरवर्षी न चुकता बोलून दाखवत आणि दरवर्षी न चुकता दूध कुंपणावरून येई. सोबत क्रॉस काढलेले गोड पाव यायचे, ते काका पुरावा म्हणून तपासायचे, एकही शिल्लक न ठेवता. इथे ईस्टर पानगळीत येतो, यावरही ते बोट ठेवत. झाडं मरायला लागली की हे लोक जिवंत होण्याचा सण करतात, तारखांचा काहीतरी घोळ आहे. सिस्टर त्यांना दरवर्षी ईस्टरच्या पहाटेच्या प्रार्थनेला बोलवायच्या. तपासनीस एका पक्षाच्या बैठकीला जात नसतो, हे उत्तरही दरवर्षीचंच.

मग एका हिवाळ्यात मनुरेवाच्या मुलाला मुलगा झाला आणि सिस्टरांचे गुडघेही बोलायला लागले. मुलानं आईला कायमचं तिकडे न्यायचं ठरवलं. तो इथेच वाढलेला, त्याला मराठी समजायचं, उत्तर इंग्रजीत द्यायचा. काकांनी त्याला फोनवर गाठून खूप चौकशी केली. घरात जिने किती, चर्च किती लांब, सुनेला मराठी जेवण चालतं का. मुलगा प्रत्येक प्रश्नाला "स्वीट अ‍ॅज, अंकल" म्हणत होता, म्हणजे इथल्या बोलीत सगळं झकास. फोन ठेवून काका मला म्हणाले, साक्षीदार काहीतरी लपवतोय.

ते दिवस काकांना फार जड गेले, हे मला तेव्हा दिसत होतं, पण बोलायचं कसं ते कळत नव्हतं. सिस्टर गेल्या तर रविवारचं काय, हा प्रश्न त्यांनी एकदाही तोंडावर आणला नाही. उलट खोकी बांधायला आम्ही दोघं गेलो तेव्हा ते सिस्टरना कडक आवाजात म्हणाले की प्रकरण अर्धवट सोडून वादीला गाव सोडता येत नाही.

सिस्टर खोक्याला चिकटपट्टी लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग निकाल द्या की, साहेब. एकदा म्हणा, मान्य. थांबते बघा मी."

त्यांनी ते हसत म्हटलं होतं, पण चिकटपट्टी फाडायचा हात तसाच थांबला होता. एक शब्द बोलायचा होता. मला वाटलं, काका बोलतील. बोलावं असं मला फार वाटत होतं. काकांनी मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला.

"सिस्टर, खोटी सही करून मी तुम्हाला थांबवलं, तर तुम्हीच मला माफ करायच्या नाहीत."

"नाही करायची," सिस्टर म्हणाल्या, आणि पट्टी फाडली.

शुक्रवारी मुलगा व्हॅन घेऊन आला. निघताना सिस्टरनी मागच्या दाराची किल्ली काकांकडे दिली. घर विकायला काढलं होतं, जाऊन येऊन बघत राहा म्हणाल्या. काकांनी किल्ली घेतली आणि मनुरेवाच्या रस्त्यावर गाड्या फार वेगानं जातात, एवढंच सांगितलं. शनिवारी ते दिवसभर घराबाहेर पडले नाहीत. वर्तमानपत्र घडी न मोडता तसंच पडलं होतं.

रविवारी सकाळी ते माझ्या दारात उभे. "चल, बघून येऊ. तिसरा दिवस आहे आज," असं म्हणाले. यावर हसायचं की नाही ते न कळून मी स्वेटर चढवला.

घर रिकामं होतं. गालिच्यावर कपाटांच्या पायांचे खड्डे, भिंतीवर जिथे वधस्तंभ टांगलेला असायचा तिथे फिकट खूण. काका सवयीप्रमाणे प्रत्येक खोलीत गेले, खिडक्यांच्या खिट्या बघितल्या, नळ घट्ट केला. स्वयंपाकघराच्या ओट्यावर आमचा स्टीलचा डबा होता, गेल्या रविवारी राहून गेलेला. त्याच्यावर भांडी पुसायचं फडकं होतं, चार पदरी घडी घातलेलं, कडेला कड जुळवून.

काका त्या घडीकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी फडक्यासकट डबा दोन्ही हातांनी उचलला आणि निघाले. उघडतील म्हणून मी वाट पाहत होतो. ज्या माणसानं बंद पाकीट, बंद दार, बंद तोंड कधी बंद राहू दिलं नव्हतं, तो डबा तसाच छातीशी धरून कुंपणापर्यंत आला. शेवटी न राहवून मीच विचारलं की आत काय आहे ते बघायचं नाही का.

"तिनं आजवर कधी रिकामा दिलाय का?" काका म्हणाले. "मग उघडून काय बघायचं?"

आणि दोन पावलं पुढे जाऊन ते थांबले. आपण काय बोलून गेलो हे त्यांच्या लक्षात आलं असावं. पंच म्हणून त्या क्षणी मला काहीतरी म्हणता आलं असतं. मी कुंपणावरच्या पानांकडे बघत राहिलो. काकांनी वळून माझ्याकडे रोखून पाहिलं, अगदी जुन्या नोकरीतल्या नजरेनं.

"हे सिस्टरना फोनवर सांगायचं नाही," ते म्हणाले.

मी मान हलवली. आता सांगायला काका नाहीत आणि ऐकायला सिस्टरही नाहीत, तरी हे लिहिताना उगाचच वाटतं आहे की आपण दिलेला शब्द मोडला.