फाइलची पहिली ओळ

वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात एक रीत होती. नवीन माणसाचं सर्व्हरवर खातं उघडलं की त्यात टीम लीडची सेटिंगची फाइल जशीच्या तशी टाकायची. शेल, म्हणजे आपल्या आज्ञा पाळणारा प्रोग्राम, सुरू होताना आधी ही फाइल वाचतो. तिला कोणी हात लावायचा नाही. आमच्या घरी लोणच्याच्या बरणीलासुद्धा एवढं सोवळं नव्हतं.

मुलीच्या दहावीनंतर मी पुन्हा नोकरीला लागले, तेव्हा माझ्या खात्यातही ती फाइल आली. सोडून गेलेल्या एकाचं काम माझ्याकडे आलं. ग्राहकांच्या फाइली रोज दुसऱ्या मशीनवरून आपोआप आमच्या सर्व्हरवर यायच्या. त्याच्या खात्यावर सुरळीत चाललेलं हे काम माझ्या खात्यावर आणलं आणि बंद पडलं.

टीम लीड माझ्याहून बराच लहान. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला, "मॅडम, एवढी मोठी गॅप आहे, होतं असं. टेन्शन नका घेऊ. शुक्रवारपर्यंत नाही झालं तर हे दुसऱ्याला देऊ, तुम्ही डॉक्युमेंटेशन बघा."

डॉक्युमेंटेशन म्हणजे आमच्याकडची अडगळीची खोली. एकदा तिथे गेलेलं माणूस परत येत नसे. मला संताप आला. मी नोकरी सोडली होती, अक्कल गहाण ठेवली नव्हती.

एरर नीट वाचली. मशीन चक्क विचारत होतं, तुमचा शेल स्वच्छ आहे ना? हा प्रश्न कोणी वाचलाच नव्हता. शेल अस्वच्छ असेल, तर घाण तो आधी वाचतो त्या फाइलीतच असणार. मग मी रीत बसवली धाब्यावर. फाइलची एक प्रत बाजूला ठेवली आणि तांदूळ निवडावेत तशी एकेक ओळ बंद करून बघत गेले. सुरुवात खालून केली, कारण पहिल्या ओळीवर संशय घ्यायचं माझ्याही जिवावर आलं होतं.

पहिल्या ओळीत 'श्री' होतं. वहीच्या पहिल्या पानावर लिहितो तसं, शेल उघडला की आधी पडद्यावर 'श्री' यावं म्हणून टीम लीडनेच एका दसऱ्याला ती ओळ घातली होती. माणसाला ते छान दिसे. पण दुसरं मशीन फाइली घेऊन आलं की त्यालाही आधी 'श्री'च मिळे, आणि ते गोंधळून परत फिरे. सोडून गेलेल्याचं खातं त्या दसऱ्याच्या आधीचं, म्हणून त्याचं निभावलं होतं. ओळ बंद केली आणि फाइली धडाधड येऊ लागल्या.

"देवाचं नाव काढलंत?" टीम लीडने विचारलं.

"काढलं नाही. समोर माणूस बसला असेल तरच दिसेल, असं केलंय."

"बरं, चालू झालं ना? मग सोडा आता."

"का सोडू? माझी गॅप सगळ्यांसमोर काढलीत ना? मग फाइल तुमची होती, हेही सगळ्यांसमोर सांगा."

चहाच्या वेळी त्याने सांगितलं, कपाकडे बघत, पुटपुटत.

"ऐकू नाही आलं," मी म्हणाले. "जरा मोठ्याने."