पदराआडची चाल

माझ्या सासूबाई सपाट अंगणात पडल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि तरी मला खरं वाटेना. एरंडोलजवळच्या आमच्या खेड्यात, महायुद्धाच्या दिवसांतली ही गोष्ट. साठी उलटली होती त्यांची, पण डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन नाल्याची दरड उतरायच्या आणि वर मलाच म्हणायच्या, सांभाळून ये.

त्या दिवशी आबा आले होते. आबा म्हणजे सासऱ्यांचे थोरले भाऊ. आमच्या घरात थोरल्या दिरापुढे हनुवटीपर्यंत पदर ओढायचा आणि एक शब्दही बोलायचा नाही. सासूबाईंनी पदर ओढला, पाण्याचा तांब्या उचलला, थोड्या चालल्या आणि झोकांडी खाऊन कोसळल्या. घरच्यांनी चक्कर म्हटलं. नणंदेनं मीठमिरच्या ओवाळून टाकल्या.

पुढे एकदा मी त्यांना न्हायला घालत होते. शिकेकाई झोंबू नये म्हणून डोळे मिटून त्या उभ्या राहिल्या आणि तशाच मागे कलल्या. मी धरलं म्हणून वाचल्या. डोळे उघडले, की पुन्हा खांबासारख्या ताठ. तेव्हा माझ्या लक्षात आलं. म्हातारपणी त्यांच्या पायांना स्वतःहून तोल राहिला नव्हता, सगळी भिस्त डोळ्यांवर होती. आणि तेच डोळे झाकून आम्ही त्यांना चालायला लावत होतो!

मी म्हटलं, आबा आले की पाणी मी नेते, नाहीतर पदर तरी थोडा वर घ्या. त्या भडकल्या. आबांना पाणी देण्याचा मान त्यांचा होता. "आख्खा जलम झाकेल तोंड आते उघाडू का?" मीही चिडले, हाडं मोडून घ्याल म्हणाले. दिवसभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, हे आबांना सांगायचं कोणी? त्यांच्यापुढे गावात कुणाची मान वर होत नसे.

पोळ्याला आबा पुन्हा आले. मी स्वयंपाकघरातून पाहत होते. पदर, तांब्या, उंबरा. पाय अडखळला आणि त्यांचं कपाळ चौकटीवर आदळलं. रक्त आलं, पदर बाजूला पडला. मी धावले. त्यांचा हात आधी कपाळाकडे गेला नाही, पदराकडे गेला.

आबा खाटेवरून एकटक पाहत होते. ही बाई नवरी होऊन घरात आली तेव्हापासून त्यांनी हे तोंड पाहिलंच नव्हतं.

"इतली म्हतारी हुई गयी का व माय तू?"

उभ्या जन्मात ते त्यांच्याशी पहिल्यांदा बोलले. मी सासूबाईंच्या कपाळावर फडकं दाबलं. मग जे झालं त्यावर माझा आजही विश्वास बसत नाही. आबा खाटेवर वळून भिंतीकडे तोंड करून बसले.

"आते चाल, माय. मी मांगे देखाव नही."

सासूबाई रडत होत्या. मी तांब्या पुन्हा भरून दिला. त्या उघड्या तोंडानं, पायाखाली पाहत, सावकाश गेल्या. आबांनी भिंतीकडे पाहतच हात मागे केला आणि सासूबाईंनी तांब्या त्या हातात दिला.