पेट्रोलच्या झाकणावरचा शेंदूर

खरं सांगतो, त्या वर्षी माझा मारुतीरायावर राग होता. वीस वर्षं कारकुनी करून मी एक जुनी काळी गाडी घेतली होती, आमच्या गल्लीतली पहिली, आणि ती वाटेल तेव्हा बंद पडायची. कधी दहा मैल चालायची, कधी पाच मैलांतच आचके देऊन थांबायची. अर्धा तास गेला की आपोआप सुरू. लकडगंजातल्या मिस्त्रीने कार्बोरेटर साफ केला, इंजिनाला पेट्रोल ओढून देणारा पंप बदलला, पण त्याच्यासमोर ती एकदाही बंद पडली नाही. दर शनिवारी मी मारुतीचा तेलातला शेंदूर आणून पेट्रोलच्या झाकणावर बोट भरून लावत असे. गाडी ज्या तोंडाने जेवते तिथे देवाचा हात असावा, ही माझी समजूत. दुखणं वाढलं तसा मी शेंदूरही वाढवला.

लेक सुमन काटोलला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून नववा लागताच मी आणि बायको तिला आणायला गेलो. जावई म्हणाले, बसने न्या. बापाची गाडी दारात उभी असताना लेक बसने जाणार? मी ऐकलं नाही. अर्ध्या वाटेत गाडी बंद पडली आणि भर उन्हात सुमनला कळा सुरू झाल्या. बायको पदराने तिला वारा घालू लागली. बॉनेट उघडून सगळं तपासलं, माझी अक्कल संपली. रस्त्यातच हात जोडले आणि जन्मात प्रथमच म्हणालो, मारुतीराया, मला काही समजत नाही, आता तूच पाहा.

तेवढ्यात डोक्यावर तेलाचा डबा घेतलेली एक बाई थांबली. गावोगाव तेल विकणारी असावी.

"काहून थांबले भाऊ? पेट्रोल संपलं का?"

"टाकी भरली आहे बाई. पण इंजिनपर्यंत पोचूनच नाही राहिलं."

"भरल्या डब्याले एकच भोक पाडलं तं तेल अडते. वारा जायले दुसरं भोक लागते, मंग धार लागते. तुमच्या टाकीले दुसरं भोक कुठी आहे?"

मी झाकण फिरवलं. टाकीने सुस्काऱ्यागत आवाज करत हवा आत ओढली. झाकणाला सुईएवढं छिद्र होतं आणि ते माझ्याच शेंदराने बुजलं होतं. देवाचा शेंदूर खरवडायला हात धजेना.

"खरवड गा भाऊ! देवाले राग नाही येत. पोरीकडे पाहा," ती म्हणाली.

सुमनच्या केसातली पिन घेतली आणि छिद्र मोकळं केलं. रामदासपेठेतल्या दवाखान्यापर्यंत गाडीने एकही आचका दिला नाही. त्या बाईचे आभार मानायचे मात्र राहून गेले, ते आज मानतो. तिला मारुतीने पाठवलं की ती आपल्या वाटेने चालली होती, हे मी ठरवत नाही. माझा हट्ट सुटला तेव्हा मला तिचं बोलणं ऐकू आलं, एवढं खरं.

संध्याकाळी नात हातात घेतली आणि छाती फुगली. गाडीचा अभिमान वाटला, लेकीचा तर फारच. त्या उन्हात तिने मला एकदाही बोल लावला नव्हता. तेव्हा बायकोने विचारलं.

"आता तरी कोणाचं ऐकाल का?"

"ऐकीन," मी म्हणालो. पंचवीस वर्षांच्या संसारात हा शब्द तिने माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.