टामेने बटाटे सोडले त्याची गोष्ट

माझा नवरा टामे उघडणाऱ्या पुलाचा रखवालदार. नदीतून बोट आली की बटण दाबायचं, पूल वर, बोट पार, पूल खाली. उरलेला वेळ केबिनमध्ये बसून खायचं. बत्तीस वर्षं त्याने हे काम मन लावून केलं, त्यातलं दुसरं जरा जास्तच. सप्टेंबरात डॉक्टरीणबाईंनी त्याचं रक्त तपासलं आणि चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "टामे हार्म्स, तुम्हाला मधुमेह झालाय. तीन महिन्यांची सरासरी साखर नऊच्या वर आहे. गोळी देते, पण पाव, बटाटे आणि बिअर यांचा निरोप घ्या."

"तिघांचा एकदम?" टामेने विचारलं.

घरी येताना गाडीत तो एकच वाक्य बोलला. "अल्मुट, हे कुणालाही सांगायचं नाही."

का, ते मला विचारावं लागलं नाही. कारण होता फोको. आमची आठजणांची जुनी टोळी आहे. दर फेब्रुवारीत आम्ही गळ्यात दोरीने छोटे पेले अडकवून, दारूच्या बाटल्यांची हातगाडी ओढत, रस्त्यावर गोळे फेकण्याची पैज लावत हिल्केच्या खानावळीपर्यंत चालत जातो आणि तिथे केलची, म्हणजे कोबीच्या जातीतल्या हिरव्या पाल्याची, भाजी पोट फुटेस्तोवर खातो. चार वर्षांपूर्वी फोकोच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर मंडळी त्याच्याशी चांगली वागायला लागली. घात झाला तो तिथे. "फोको, गोळा फेकू नकोस, दम लागेल." "फोको, ये, हातगाडीत बस." त्याच्यासाठी वेगळं सूप, वेगळी उशी. दोन वर्षांत फोकोने येणंच सोडलं. माणूस ठणठणीत आहे. आता एकटाच गळ टाकून बसतो.

"मला साखरेची भीती नाही," टामे म्हणाला. "मला त्या हातगाडीची भीती आहे."

मग आमच्या घरात नवं राज्य सुरू झालं. आमच्याकडे संध्याकाळच्या जेवणाचं नावच 'संध्याकाळचा पाव' असं आहे, त्यातून पाव काढला तर उरतं काय? पहिल्या संध्याकाळी आम्ही चीज, मुळा आणि उकडलेली अंडी मांडून समोरासमोर बसलो, आणि पाहुणे यायचेत अशा चेहऱ्याने टामे दाराकडे बघत राहिला. माझीही गत बरी नव्हती. पस्तीस वर्षं रोज अकरा वाजता बटाटे सोलणारे हात माझे, त्यांना अकरा वाजले की चैन पडेना. मी फ्लॉवर उकडून, लोणी घालून, बटाट्यासारखा घोटून वाढला. टामेने एक घास घेतला आणि म्हणाला, "फ्लॉवरने बटाट्याचं सोंग घेतलंय. पण नाटक पडलं."

जवसाचा पाव केला तो तर विचारूच नका. टामेने त्याचा तुकडा पुलावरच्या समुद्रपक्ष्याला टाकला. तो पक्षी मेलेला खेकडा खातो, सिगारेटचं पाकीट खातो. त्याने तुकडा उचलला, क्षणभर विचार केला आणि खालून जाणाऱ्या बोटीवर टाकून दिला.

पण टामे हट्टी. एकदा ठरवलं की ठरवलं. हेरिंग मासा, कोबी, मशरूम, अंडी, पुन्हा हेरिंग. दुपारी केबिनमध्ये बसण्याऐवजी पुलावरून येरझाऱ्या. नाताळात सगळं गाव केक खात होतं, तेव्हा हा अक्रोड फोडत होता आणि प्रत्येक कवच बहुधा माझ्या बहिणीचा गळा समजून दाबत होता, कारण केक तिने केला होता. जानेवारीत साखर साडेसहावर आली. डॉक्टरीणबाईंनी उठून त्याच्याशी हस्तांदोलन केलं. मी त्या रात्री आनंदाने रडले, हे त्याला अजून ठाऊक नाही.

फेब्रुवारीसाठी आमचा बेत पक्का होता. त्याच्या पेल्यात मी गुपचूप पाणी ओतणार, आणि जेवताना त्याच्या ताटातले साखरेत परतलेले बटाटे माझ्या ताटात येणार. केल आणि धुरावलेलं मांस त्याला चालत होतंच. कुणाला पत्ता लागणार नव्हता.

चालताना मात्र मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. टामेने गोळा असा फेकला की वळणापर्यंत गेला, आणि ओनो त्याच्याशी भांडला नाही. ओनो म्हणजे आमचा गवळी, टामेचा शाळेपासूनचा वैरी. तीस वर्षांत त्याने टामेचा एकही गोळा बिनतक्रार मान्य केलेला नाही. आज तो नुसता म्हणाला, "छान फेकलास."

"याला काय झालंय?" टामेने मला हळूच विचारलं.

खानावळीत पोचल्यावर कळलं. आमच्या टोळीची रीत अशी, की जेवणाआधी आणि जेवणानंतर प्रत्येकाने पोती तोलायच्या जुन्या वजनकाट्यावर चढायचं. ज्याचं वजन सगळ्यात जास्त वाढेल तो त्या वर्षीचा केलचा राजा. कोट आणि बूट काढायचे, हा नियम. गेल्या वर्षी टामे एकशे अठरा किलोंवरून सुरू झाला होता आणि ओनोला दोनशे ग्रॅमने हरवून राजा झाला होता. आम्ही दोघांनी पाण्याचा विचार केला, बटाट्यांचा केला, पण काट्याचा केला नाही! इतकी वर्षं रोज त्याला पाहणारी मी, माझ्याही डोक्यात ते आलं नाही.

टामेने कोट काढला आणि बुटांच्या नाड्या सोडायला वाकला.

"राहू दे," ओनो हळू आवाजात म्हणाला. "बूट असू देत. वाकू नकोस."

टामे चढला. काटा एकशे तीनवर थांबला. हिल्केने फळ्यावर आकडा लिहिला आणि लिहिताना तिचा खडू मोडला. आमच्याकडचे लोक सगळं बघतात आणि काही विचारत नाहीत. नोव्हेंबरपासून त्यांनी टामेची मान कॉलरमध्ये सैल होताना पाहिली होती, आणि आपापसात त्याला पुरलंसुद्धा होतं.

जेवण म्हणजे छळ होता. टामेला शेकोटीजवळची खुर्ची मिळाली. हिल्केने न मागता सूप आणलं, पाठीला उशी दिली. त्याने बटाटे माझ्या ताटात सरकवले तेव्हा सगळ्यांनी नजरा खाली घातल्या. मी बघत होते, टामेचा चेहरा फोकोसारखा होत चालला होता. मला ओरडून सगळं सांगावंसं वाटत होतं, पण वचन दिलं होतं. मग ओनोने आपल्या ताटातला मांसाचा सगळ्यात जाड तुकडा उचलला आणि टामेच्या ताटात ठेवला.

"घे," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "तूच खा, माझ्या राजा."

टामे उठला. खुर्ची मागे पडली.

"साखर आहे मला!" तो गरजला. "नुसता मधुमेह, गाढवांनो! मी पाव खात नाही, बटाटे खात नाही, म्हणून वाळलोय. कमी झालीये आता ती. मरत नाहीये मी! आणि कुणी मला उशी दिली तर ती त्याच्या घशात कोंबेन!"

ओनोने नाक पुसलं.

"साखर?"

"साखर."

"म्हणजे ख्रिसमसपासून मी..." ओनोचा चेहरा लाल व्हायला लागला. "मी पाद्रीबुवांशी बोललो तुझ्याबद्दल! माझ्या बायकोने काळा कोट धुवायला टाकला! आणि रस्त्यावर तुझा तो गोळा, सरळ रेषेबाहेर पडला होता, मी बोललो नाही! साखरेसाठी?"

आणि त्याने जेवणाचा काटा खुपसून आपला मांसाचा तुकडा परत घेतला.

मग काय विचारता. उशी गेली, सूप गेलं, शेकोटीजवळची खुर्ची हिल्केने स्वतःच बळकावली. टामेने ओनोकडे बघत केलच्या चार थाळ्या संपवल्या. पाव नको असला तरी भाजीला वजन असतंच की. जेवणानंतर टामे काट्यावर चढला, तर दीड किलो वाढ! ओनोची एक किलो तीनशे.

"बूट काढ," ओनो म्हणाला.

"मघाशी बूट घालून चढलो होतो!"

"मघाशी तू मरत होतास. मरणाऱ्याला बूट काढायला कोण सांगेल? आता जिवंत आहेस, नियम पाळ."

ही सरळ सरळ चोरी होती. बुटांचंच वजन दीड किलो. मी भांडायला उठले, तर टामेने हाताने मला थांबवलं. खाली बसून त्याने एकेक नाडी सोडली, बूट बाजूला ठेवले आणि मोज्यांवर काट्यावर चढला. ओनो बोट नाचवत काट्याभोवती फिरत होता. "खिसे दाखव! लबाडा, खिसे!" टामेने दोन्ही खिसे उलटे केले आणि इतका हसायला लागला की काटा जागेवर थांबेना. हिल्के खडू हातात धरून वाट बघत राहिली.