कोमलच्या नावावरचा माझा ईसीजी

डॉक्टरांनी टेबलावर दोन ईसीजी शेजारी शेजारी ठेवले आणि त्यांच्या बाजूला माझा मोबाइल. एक ईसीजी त्या सकाळचा, कोमलचा. दुसरा आठ महिन्यांपूर्वीचा, आमच्या खात्याच्या फाइलमधला. त्यावरही नाव कोमलचंच. मोबाइलवर तिसऱ्या एका ईसीजीचा फोटो होता, जो कुठल्याच फाइलमध्ये नव्हता. डॉक्टरांनी तो फोटो मोठा करून सकाळच्या कागदाशी ताडून पाहिला. म्हणाले, "हे दोन एकाच माणसाचे आहेत. कंजेनायटल लाँग क्यूटी सिंड्रोम. जन्मापासूनचा." मग फाइलमधल्या कागदावर बोट ठेवून विचारलं, "आणि हा?"

"तो माझा आहे, सर."

कोमलचे वडील, आप्पा, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी माझ्याकडं मान वळवली. डॉक्टरांनी त्यांना सगळं पुन्हा सोप्या मराठीत समजावून सांगितलं, तोपर्यंत आप्पांनी माझ्यावरची नजर हटवली नाही.

लाँग क्यूटी म्हणजे काय, हे आता मला पाठ आहे. हृदय विजेवर चालतं. एक ठोका पडला की पुढच्यासाठी त्याला पुन्हा तयार व्हावं लागतं. हा वेळ ईसीजीवर क्यू आणि टी या खुणांमध्ये मोजतात. काहींच्या हृदयाला तो जन्मापासूनच जास्त लागतो. माणूस धडधाकट दिसतो, पळतो, खेळतो. पण अचानक मोठा आवाज झाला, अंगातलं पोटॅशियम उतरलं किंवा नको ते औषध पोटात गेलं, तर ठोक्यांची घडी विस्कटते. हृदय नुसतं थरथरत राहतं आणि रक्त पुढं जात नाही. साध्या ईसीजीत हे पुष्कळदा दिसतं. कोमलच्या दिसलं होतं. म्हणून तर तपासणीच्या टेबलावर मी तिच्या जागी झोपले.

हे मी खेळणाऱ्या मुलींसाठी आणि मुलांसाठी लिहितेय. माझं कौतुक व्हावं असं यात काही नाही.

आम्ही दोघी खेळाडूंच्या कोट्यातून एका खात्यात लागलो. नाव घेत नाही, कारण चूक खात्याची नव्हती, आमची होती. हुद्दा कारकुनाचा, काम बास्केटबॉल. वर्षातले निम्मे दिवस शिबिरं आणि स्पर्धा. मी शिरूरजवळच्या गावची, घरी झेंडू आणि शेवंती. कोमल दौंड तालुक्यातली, कुरकुंभच्या अलीकडची. तिचे आजोबा मेंढरं घेऊन फिरायचे, आप्पा जमीन धरून बसले. उंची सहा फूट एक इंच. गावातल्या बायका तिला पत्र्यावरचं वाळवण काढायला हाक मारायच्या आणि ती शिव्या देत जायची. मैदानात रिंगखालची जागा तिची. मी बाहेरून पास द्यायचा, तिनं आत टाकायचा. आठ वर्षं हेच आमचं पोट होतं.

दरवर्षी मेडिकल व्हायचं. त्यात खेळाडूंचे ईसीजी पुष्कळदा वेडेवाकडे येतात, कारण फार व्यायामानं हृदय मोठं झालेलं असतं. आमच्या एका सीनिअर ताईला अशाच ईसीजीवरून वर्षभर बसवलं. शेवटी निघालं काहीच नाही, पण तेवढ्यात तिची जागा दुसरीला गेली. तेव्हापासून संघात एक पद्धत पडली. जिचा ईसीजी स्वच्छ, तिनं दोनदा झोपायचं, एकदा स्वतःसाठी आणि एकदा अडकलेलीसाठी. पडद्याआड टेक्निशियन यादीतलं नाव विचारते, तारा लावते, कागद फाडते. चेहऱ्याकडं बघायला तिला वेळ नसतो. माझा ईसीजी पुस्तकात छापावा असा यायचा. मुली मला डबल ड्यूटी म्हणायच्या आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. चार वर्षांत मी पाच जणींसाठी झोपले.

कोमलचा पहिला ईसीजी खराब आला, तेव्हा आठवड्यानं परत काढायला सांगितला. तिनं मला फोटो पाठवला, वर लिहिलं, "बघ, मशीन माझ्या वाइटावर हाय." त्याआधी ती दोनदा चक्कर येऊन पडली होती. एकदा तर पहाटे गजर वाजला आणि पलंगावरून उठता उठता. आम्ही साखरपाणी दिलं. आठवड्यानं दौंडच्या शिबिरात मी तिचं नाव सांगून टेबलावर झोपले. दोन मिनिटांचं काम होतं.

आठ महिन्यांनी शिरूरला निमंत्रितांची स्पर्धा होती. तिसरा क्वार्टर संपल्याचा भोंगा वाजला तेव्हा कोमल अगदी टेबलापाशी, भोंग्याखाली उभी होती. ती हात पुढं न टेकता सरळ तोंडावर पडली. पाय अडकला असं वाटून आमच्यातली एक हसलीसुद्धा. समोरच्या संघाच्या क्रीडाशिक्षकांनी मानेला हात लावला आणि लगेच छाती दाबायला सुरुवात केली. अँब्युलन्समध्ये शॉक दिला तेव्हा ठोका परत आला. मी मागच्या गाडीत होते. शिक्रापूरपर्यंत पुढं ट्रकच ट्रक होते.

पहिला दिवस. हायवेवरच्या हॉस्पिटलात आयसीयू. कोमल व्हेंटिलेटरवर, म्हणजे श्वास मशीन देत होतं. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले की कार्डिअॅक अरेस्ट आला होता, हृदय बंद पडलं होतं. क्यूटी लांबलेला दिसतोय, पण अरेस्टनंतर तसं होऊ शकतं. जुना ईसीजी मिळाला तर कळेल की हे आधीचं आहे की आताचं. आमच्या मॅनेजर मॅडमनी ऑफिसात फोन केला. मी तिथंच उभी होते. तेव्हाच बोलायचं होतं.

दुसरा दिवस. फाइल आली. डॉक्टरांनी जुना ईसीजी पाहिला आणि त्यांचा चेहरा सैल झाला. हृदय मुळात उत्तम होतं म्हणाले. म्हणजे कारण बाहेरचं. उन्हाचा ताण असेल, पोटॅशियम उतरलं असेल, नाहीतर मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या स्नायूला आलेली सूज. आप्पांनी दोन्ही हात जोडले. कोमलची आई, काकू, माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. म्हणाली, "पोरीचं काळीज चांगलं हाय म्हणत्यात गं." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मॅडमना आमची पद्धत माहीत होती की नाही, मला आजही सांगता येणार नाही. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या.

मी मनाशी म्हणत होते, एवढी मशीनं आहेत, एवढे डॉक्टर आहेत, त्यांचं ते शोधतील. बोलले तर कोमलची नोकरी जाईल. शुद्धीवर आल्यावर तिला मी काय तोंड दाखवू? कोमलच्या नावाखाली मी हे सगळं रचत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी नळी काढली. आम्हाला एकेकीला दोन मिनिटं आत सोडलं. कोमलनं डोळे उघडले, माझ्याकडं पाहिलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "वैशे, जिकलो का?" मी हो म्हणाले. खरं तर मॅच तिथंच थांबली होती. त्या दिवशी मी कँटीनमध्ये पोटभर जेवले. आता सगळं निभावलं, आता बोलायची गरजच नाही, असं वाटून मला भूक लागली होती. ही गोष्ट सांगताना आजही लाज वाटते.

संध्याकाळी तिला ताप आला. अॅस्पिरेशन न्यूमोनिया, म्हणजे बेशुद्धीत पोटातलं फुफ्फुसात जाऊन झालेला संसर्ग. लांबलेला क्यूटी अरेस्टमुळं तात्पुरता आहे असं त्या जुन्या कागदावरून धरून डॉक्टरांनी अँटिबायोटिक सुरू केलं. साधंच औषध, हजारोंना रोज देतात. क्यूटी मुळातच लांब असलेल्या माणसाला मात्र ते देत नाहीत, कारण त्यानं तो आणखी लांबतो.

चौथ्या दिवशी सकाळी शेजारच्या बेडचा अलार्म वाजला आणि कोमलचं हृदय पुन्हा बंद पडलं. मॉनिटरवर जे दिसलं त्याला टॉर्साड म्हणतात. रेघ पीळ घातल्यासारखी वर-खाली होते. काचेतून मला फक्त पाठी दिसत होत्या. शॉक, दाबणं, पुन्हा शॉक. ठोका परत यायचा आणि पुन्हा जायचा. काकू खाली फरशीवर बसून भिंतीला डोकं आपटत होती, मी तिचं डोकं धरलं होतं. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, या वेळी खूप वेळ गेला, मेंदूला रक्त कमी पोचलंय. नवं औषध बाधलं असावं, ते बंद करतोय. म्हणजे दोष औषधाचाच, हृदयाचा नाही, असं ते धरून होते; तो कागद अजूनही त्यांची दिशाभूल करत होता.

पाचव्या दिवशी मी राउंड संपायची वाट पाहिली आणि आप्पांना म्हणाले, डॉक्टरांकडं चला, मला तुमच्यासमोरच सांगायचंय. पुढचं वर लिहिलंच आहे. डॉक्टर ओरडले नाहीत. त्यांनी फाइलमधल्या ईसीजीवर माझं नाव लिहिलं, खाली सही केली आणि म्हणाले, "हा कागद नसता तर ते औषध मी दिलंच नसतं."

बाहेर आल्यावर आप्पा एवढंच म्हणाले, "तू आता घरी जा. बोलवीन तवा ये."

मी शिरूरला आले. आईला सांगितलं, ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पुढचं सगळं मला फोनवरून तुटक तुटक कळत गेलं. कोमलच्या छातीत कातडीखाली आयसीडी बसवला. हे काडेपेटीएवढं यंत्र ठोका बिघडला की आतूनच शॉक देतं. घरच्या सगळ्यांचे ईसीजी काढले. भावाचा चांगला निघाला. काकूचा कोमलसारखाच निघाला. काकूला लहानपणापासून मोठ्या आवाजानं भोवळ यायची, सासरी तिला भित्री म्हणून चिडवायचे. आता तिला रोज बीटा ब्लॉकरची गोळी आहे, म्हणजे हृदयाला उधळू न देणारी. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. दुसऱ्या कुणी माझी बाजू ऐकून घेतली नसती, त्यांनी तासभर ऐकली आणि मग काकूला तपासायला बोलावलं.

खात्यात चौकशी झाली. मी पाचही नावं सांगितली. त्या सगळ्यांचे ईसीजी नव्यानं काढले, एकीचा खेळ थांबला. ती मला रस्त्यात दिसली तर तोंड फिरवते. संघातून मला काढलं, नंतर नोकरीही गेली. रिंगकडं जाणारा तो पास आता कोण देतं, ते मी विचारलेलं नाही. आता घरच्या फुलांचे क्रेट भरते. सकाळी उठल्यावर अजूनही हात चेंडू शोधतात आणि फार वाईट वाटतं.

आप्पांचा फोन एकोणीस दिवसांनी आला. म्हणाले, कोमल तुझं नाव घेतीय, ये.

तेव्हापासून दर रविवारी मी न्हावरे-चौफुल्यावरून कोमलच्या गावी जाते. कोमल चालते, जेवते, हसते. शाळेतलं सगळं तिला आठवतं. खेळायला लागल्यावरचं थोडंथोडं. नवीन काही टिकत नाही. डॉक्टर म्हणतात, मेंदूचा आठवण साठवणारा भाग दुखावलाय, आता यापेक्षा फार सुधारणा धरू नका. मी गेले की ती विचारते, मॅच कवा हाय. मग विचारते, तू खेळायला का जात न्हाईस. तिची आई मला खुणेनं म्हणते, सांगू नकोस. पण खोटं बोलून मी एकदा पाहिलंय. म्हणून दर रविवारी मी तिला सगळं पहिल्यापासून सांगते, आणि ती ते पहिल्यांदा ऐकते. कधी रडते. एकदा तिनं मला स्टीलचा तांब्या फेकून मारला. एकदा म्हणाली बरं केलंस सांगितलंस, आणि माझा हात धरून बसली. कुठली कोमल खरी म्हणायची?

तुम्ही खेळत असाल आणि चक्कर आली असेल, तर सांगा. ईसीजी वाकडा आला असेल, तर हृदयाच्या डॉक्टरकडून नीट तपासून घ्या. जागा गेली तर गेली. आणि मैत्रिणीसाठी काही लपवलं असेल आणि ती हॉस्पिटलात पडली असेल, तर पहिल्या डॉक्टरला पहिल्या तासात सांगा.

मागच्या रविवारी तिनं वेगळंच विचारलं. मी सगळं सांगून झाल्यावर तिनं बोटांवर दिवस मोजले. जुन्या सवयीनं, टाइमआउट मोजायची तसे.

"मंग पयल्याच दिवशी का न्हाई सांगितलंस?"

हे आजवर कुणीच विचारलं नव्हतं. आप्पांनी नाही, डॉक्टरांनी नाही, चौकशीतही नाही. तुझी नोकरी जाईल म्हणून, असं उत्तर माझ्या ओठावर आलं होतं.

"मला पुढच्या महिन्यात खेळायचं होतं, कोमे," मी म्हणाले.

तिनं मोजलेली बोटं मिटली. मग म्हणाली, "मी बी गप बसले असते."

काकूनं चहा आणला. कोमलनं बशीत ओतून फुंकून प्यायला आणि विचारलं, मॅच कवा हाय.