कालचा एकतीस

आमची अयोध्या भित्री आहे. हे मी कौतुकानं सांगतोय, तक्रार म्हणून नाही. फटाक्याच्या धंद्यात न भिणारी माणसं मी लई बघितली, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना खांदाही दिला.

अयोध्या म्हणजे माझी नातसून, बलभीमची बायको. माहेर जळकोटचं, शेतीवाडीचं घर. धाराशिवला कॉलेजात कॉम्प्युटर शिकली. लग्न होऊन आली तेव्हा बलभीमनं तिला तेरखेड्याच्या अंगाला असलेला आमचा छोटा कारखाना दाखवायला नेलं. आम्ही भुईनळे आणि चक्र्या करतो. मालाच्या खोल्या एकमेकींपासून लांब लांब, मधे मोकळं रान. नवी नवरी फाटकातच थबकली आणि म्हणाली, "आत काही तापलं, तर बाहेर कळतं कसं?"

बलभीम हसला. "हातानं," म्हणाला.

आता हा हाताचा प्रकार सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. आमच्या मालात ॲल्युमिनियमची पूड असते. तिला ओल लागली की माल आतल्या आत तापायला लागतो. धूर नाही, जाळ नाही, नुसती ऊब. ओल्या कडब्याची गंजी तापते ना, तसं. म्हणून जुनी माणसं भादव्यात येता-जाता प्रत्येक खोलीच्या दाराला हाताची उलटी बाजू लावून बघायची. तळहाताला घट्टे पडलेले असतात, तो खोटं बोलतो; उलटा हात खरं सांगतो. माझा धाकटा भाऊ ज्ञानोबा या कामात पटाईत. त्याच्या हाताची ख्याती एवढी, की गावातल्या बाया लेकरांचा ताप बघायला त्याच्याकडं यायच्या. कपाळाला हात लावायचा आणि म्हणायचा, "दवाखान्यात न्या," नाही तर "नुसता दात येतोय." कधी चुकला नाही.

असाच एका भादव्यात त्यानं दाराला हात लावला, आमच्याकडं वळून हसला आणि म्हणाला, "जराशी ऊब हाय." एवढंच. त्याची टोपी आम्हाला ओढ्यापलीकडच्या रानात सापडली.

हे मी अयोध्येला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. आणि त्यानंतर तिला कामच लागलं. तिच्या कॉलेजातला एक जुना लॅपटॉप होता, बिजागरी मोडलेला, म्हाताऱ्या बैलासारखा धापा टाकणारा. त्यात तिनं लिनक्स घातलं. मी विचारलं, "हे काय असतंय?" ती म्हणाली, "आण्णा, कॉम्प्युटर चालवणारी यंत्रणा हाय ही. जगभरच्या लोकांनी मिळून केलेली. कुणी पैसे घेत न्हाय."

"म्हंजे इर्जिक म्हण की!" मी म्हणालो. एकाच्या रानात साऱ्या गावाचे नांगर. गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाला एवढं पुरतं.

मग तिनं प्रत्येक खोलीच्या बाहेरच्या भिंतीला एकेक डबी बसवली. डबीतली बारीक तार आत जाते, आतली उष्णता मोजते, आणि डबी तो आकडा वायफायनं ऑफिसातल्या लॅपटॉपला कळवते. बाहेरच्या इंटरनेटशी त्याचा संबंध नाही. मोबाईलवरही आकडे दिसत नाहीत. ते तिनं मुद्दामच केलं, मोबाईल आत न्यायला कुणाला निमित्त नको. प्रत्येक खोलीवर पाण्याचे फवारे बसवून घेतले आणि त्यांचे कॉक लांब, ऑफिसच्या भिंतीला ठेवले. आकडा पन्नासच्या वर गेला की विचार करायचा नाही, कॉक फिरवायचा. थोड्या ओलीनं माल तापतो, पण धो धो पाण्यानं गार पडतो; माल मातीत गेला तरी चालेल.

फाटकाचा दस्तूर मात्र आमचा जुनाच. तिथं कडूबाई बसते. आत येणाऱ्यानं चपला बाहेर काढायच्या, पाय धुवायचे, तांब्याच्या पत्र्याला हात लावायचा, म्हणजे अंगातली वीज जमिनीत जाते. काडेपेटी, मोबाईल तिच्या टोपलीत. माझी पान-सुपारीची चंचीसुद्धा ती दर खेपेला उलगडून बघते. मी म्हणतो, "कडूबाई, मी मालक हाय." ती म्हणते, "मालक पेटत न्हाईत व्हय?" अयोध्येनं तिला एक खूण शिकवून ठेवली होती: ज्या चीजेवर एकावर एक कमानी काढल्यात, ती हवेतनं बोलते. ती बंद केल्याबिगर आत सोडायची नाही.

हे झालं बैजवार. आता त्या दिवसाचं सांगतो. 

दिवाळीचा माल अर्ध्यावर आलेला. लॅपटॉपमधल्या लिनक्सची मुदत संपत आली होती, नवी आवृत्ती घालणं भाग होतं. त्याला इंटरनेट लागतं, म्हणून संध्याकाळी काम सुटल्यावर अयोध्या लॅपटॉप घरी घेऊन गेली. घरच्या वायफायवर अपग्रेड केलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी लॅपटॉप पिशवीत घालून कारखान्यात आली. मधल्या वेळात पावसाची बुरबुर चालूच होती. तिनं फाटकात पाय धुतले, पत्र्याला हात लावला, पिशवी उचलली आणि ऑफिसात आली. मी तिथंच बाकड्यावर सुपारी कातरत बसलो होतो.

लॅपटॉप सुरू झाला. खोल्यांचे आकडे दिसले. सगळीकडं एकतीसच्या आसपास.

तेवढ्यात भुवनेश्वरी दारात आली. भुईनळे भरणाऱ्या बायांची ती म्होरकी. बोलायला एरवी फटाकडी, पण त्या वेळी आवाज खाली.

"अयोध्या, कडंच्या खोलीपाशी वास येतोय. मुतारीवानी. पत्रा गळतोय वाटतं."

हा वास आमच्यात सगळ्यांना ठाऊक. माल ओला झाल्याचा तो वास.

"बाया कुठं हायेत?" अयोध्येनं विचारलं.

"समद्यांना फाटकाबाहेर काढलं. आधी काढलं, मग तुझ्याकडं आले."

बलभीम मागनं आलाच. लॅपटॉपमधे वाकून बघितलं. "कडंची खोली एकतीस हाय की! वास काय, दर पावसाळ्यात येतोय."

अयोध्या पडद्याकडं बघत होती.  कालही तिथं एकतीस होतं, आणि आकडा हलत नव्हता. एरवी तो जिवंत असतो. वारा आला तरी थरथरतो.

"अहो, हा आजचा न्हाय," ती म्हणाली. "हा कालचा एकतीस हाय. वायफाय जोडलेलंच न्हाय. बंद करताना जो आकडा होता तोच दाखवतोय ह्यो."

सुपारी माझ्या हातातनं पडली. कालपासून रात्रभर पाऊस, गळका पत्रा, आणि आत काय चाललंय हे साऱ्या दुनियेत कुणालाच माहीत नाही.

"मग कॉक फिरव," मी म्हणालो.

"आण्णा, कडंच्या खोलीत साऱ्या सीझनचा माल हाय," बलभीम म्हणाला. "नुसत्या वासावर भिजवायचा? बायांनी दोन महिने बोटं झिजवल्यात. मी बघून येतो."

"कशानं बघणार?" अयोध्येनं विचारलं.

 त्यानं उजवा हात धोतराला पुसावा तसा पँटला पुसला. मला तिथं ज्ञानोबा उभा दिसला. शपथेवर सांगतो, तसाच हात पुसायचा तो.

मी उठलो आणि बलभीमच्या सदऱ्याला मागनं धरलं. दोन्ही हातांनी.

"आण्णा, सोडा. लेकरावानी काय!"

"तुझा हात ज्ञानोबापरीस मोठा झालाय का रं?"

"अहो, जरा दम धरा," अयोध्या म्हणाली. टाईप करताना घाईत एकच अक्षर दोनदा उमटत होतं. "आकडा मिळाला न्हाय तर मी कॉक फिरवणार. माल गेला तर जाऊ दे. पण तुम्ही तिकडं जायचं न्हाय."

"लवकर कर मग!" बलभीम म्हणाला.

ती स्वतःशीच बोलत काम करत होती, पोरं पाढे म्हणतात तसं. नव्या लिनक्सचा गाभा, त्याला कर्नल म्हणतात, तो नवा आला की जुन्या वायफायची ओळख विसरतो, असं पुष्कळांचं झालेलं. मग जुना कर्नल अजून आत असतो, लॅपटॉप बंद करून त्याच्यावर सुरू करायचा. तिनं बंद केला. काळा पडदा. त्या काळ्या पडद्यात आम्हा चौघांची तोंडं दिसत होती, आणि बाहेर पत्र्यावर पाणी टपटपत होतं. बलभीमनं एक हिसका दिला, त्याच्या सदऱ्यावरच्या माझ्या मुठी सुटता सुटता राहिल्या. भुवनेश्वरीनं जाऊन दाराला पाठ लावली.

"मला लोटून जा," ती त्याला म्हणाली. "तुझ्या आईला काय सांगायचं ते मग मी बघते."

लॅपटॉप जुन्या कर्नलवर उठला. वायफाय नाहीच.

"जुन्यावरबी न्हाय," अयोध्या पुटपुटली. "काल ह्याच्यावर चालत होतं. म्हंजे अपग्रेडचा दोष न्हाय. मग कशाचा हाय?" दोष अपग्रेडचा असता तर तो कुठं शोधायचा हे तिला माहीत होतं. आता माहीत नव्हतं. तिच्या डोळ्यांत मला तेव्हा खरं भय दिसलं.

वायर जोडायची खाच त्या लॅपटॉपची कधीच मोडलेली. बलभीम म्हणाला, "झालं? सोडा आता मला."

"एकच. आणखी एकच बघते." तिनं एक हुकूम टाईप केला. बिनतारी भाग कुणी अडवून ठेवलाय का, हे तो हुकूम सांगतो. पडद्यावर दोन ओळी आल्या. तिनं मोठ्यानं वाचल्या. "सॉफ्ट ब्लॉक्ड, नो. हार्ड ब्लॉक्ड, यस."

"म्हंजे काय गं?"

"म्हंजे कुठल्या प्रोग्रामनं न्हाय अडवलेलं, आण्णा. हातानं बंद केलंय. कुणीतरी बटन..." आणि तिचं बोट लॅपटॉपच्या कडेवरनं फिरायला लागलं, आंधळं माणूस भिंत चाचपतं तसं. कडेला तांदळाएवढं एक सरकतं बटन होतं. शेजारी एकावर एक तीन कमानी, झिजून पुसट झालेल्या. तिनं नखानं बटन सरकवलं.

लॅपटॉपवरचा बारका दिवा लागला. आकडे थरथरले. एकतीस, तीस, एकतीस. आणि कडेच्या खोलीचा एकतीस पुसला जाऊन तिथं आलं चौसष्ट.

बघता बघता पासष्ट.

 बलभीमचा सदरा माझ्या हातात ढिला पडला, म्हणजे आतलं माणूसच ढिलं पडलं होतं. अयोध्या खुर्ची पाडून बाहेर पळाली आणि दोन्ही हातांनी तिनं कॉक फिरवला. लांबवर पाण्याचा आवाज सुरू झाला. मग फुसफुस. पत्र्याच्या फटींतनं पांढरी वाफ आली. "खाली बसा!" भुवनेश्वरी ओरडली, आणि आम्ही भिंतीच्या आडोशाला डोकं धरून बसलो. माझ्या मांडीवर बलभीमचं डोकं होतं, तो लहान असताना असायचं तसं.

मोठा आवाज नाही झाला. निम्मा माल पाण्यानं गिळला होता, उरलेल्यानं एक जाडसर 'भक्क' केलं. डोकं वर काढलं तेव्हा भिंती उभ्या होत्या, पत्रा वाकला होता, आणि दार जागेवर नव्हतं. ते ओढ्याच्या काठच्या बाभळीत जाऊन अडकलं होतं.

बलभीम त्या दाराकडं लई वेळ बघत राहिला. मग फाटकापाशी जाऊन बसला आणि ओकला.

पाणी थांबल्यावर अयोध्येनं कडूबाईला हाक मारली. रागानं नाही, तिच्यात तेवढा जीवच उरला नव्हता.

"मावशी, माझ्या लॅपटॉपचं बटन..."

"म्याच बंद केलं," कडूबाई ताठ बसून म्हणाली. "तू पाय धूत होतीस तवा पिशवी उघडून बघितली. कमानी दिसल्या, बटन सरकवलं. तूच शिकवलंस की, कमानी दिसल्या की सोडायचं न्हाय. मालकीणबाईला काय येगळा कायदा?"

अयोध्या हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, आणि कडूबाईनं तिला पोटाशी धरलं. लॅपटॉप बसवल्यापासून फाटकातनं पहिल्यांदाच बाहेर गेला होता आणि पहिल्यांदाच आत आला होता. अपग्रेड नसतं, तर तो कडूबाईच्या हातात पडलाच नसता. दोष कुणाच्या माथी मारायचा? मी तरी कुणाच्या मारला नाही.

कायदा बदलला नाही. कडूबाई अजूनही सगळं बंद करते. फक्त लॅपटॉप आत आला की ती स्वतः ऑफिसपर्यंत त्याच्यामागं येते, आपल्या हातानं ते बटन उघडते, आणि आकडा थरथरला की मगच जागेवर जाऊन बसते. अयोध्येनं आणखी एक केलं. आता डबीशी बोलणं तुटलं की लॅपटॉप जुना आकडा दाखवत नाही. तिथं लाल अक्षरांत येतं, 'माहीत नाही'. एवढी वर्षं मी या धंद्यात काढली, पण माहीत नसलेलं माहीत नाही म्हणणारा मुकादम मला एकच भेटला, तोही बिजागरी मोडलेला.

कडेची खोली पुन्हा बांधली. परवा बलभीम तिच्यावरनं चालला होता. मी लांबनं बघत होतो. दारापाशी त्याची चाल मंदावली, उजवा हात आपोआप वर आला, उलटा.  मग त्यानं तो हात खाली घेऊन खिशात घातला, ऑफिसच्या खिडकीशी आला आणि आत ओरडला,

"अगं, किती हाय?"

"तीस," अयोध्या आतनं म्हणाली. "आजचा."